नवी डिस्क मंद का चालते?

संगणक घरीच जोडण्याची हौस आता न्यूझीलंडमधल्या आपल्या मंडळींतही चांगलीच रुजली आहे. मुले, जावई, नातवंडे सुटे भाग मागवतात, शनिवारी रात्री हब्दाला झाली की जेवणाच्या टेबलावर मांडतात आणि रविवारी दुपारपर्यंत यंत्र बोलू लागते. तयार संगणकापेक्षा चार पैसे वाचतात, शिवाय आत काय आहे ते कळते. ही हौस चांगलीच होय. मात्र त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी जी तक्रार आमच्या कानी येते ती बहुधा एकच असते. ‘एसएसडी घेतली, डब्यावर सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइट छापले आहे, आणि फोटो उतरवायला बसलो तर सगळी रात्र गेली. दुकानदाराने फसवले की काय?’

क्वचित फसवलेले असते. पुष्कळदा डिस्क बिचारी निर्दोष असते आणि दोष भलतीकडेच असतो. तो शोधायचा कसा, कोणत्या क्रमाने शोधायचा, हे या पाठात सांगण्याचा आमचा विचार आहे. ज्यांना यंत्राची गोडी नाही त्यांनीही पुढचा परिच्छेद तेवढा वाचावा. कारण आपल्या घरातील डिस्कांवर काय असते? रेवदंडा-अलिबागच्या घरांचे फोटो, आजोबांच्या केतुबाची छायाप्रत, मोडीतून वाचून घेतलेली पत्रे, कॅसेटवरून उतरवलेली कीर्तने. १८८० साली बेंजामिन सॅमसन अष्टमकर यांनी आपल्या समाजात कीर्तनाची प्रथा सुरू केली. ती ज्यांच्या गळ्यात होती त्या मंडळींपैकी कित्येकांचा आवाज आज फक्त अशा एखाद्या डिस्कवर उरला आहे.

प्रथम नक्कल, मग निदान

डिस्क मंद वाटली की मनुष्य प्रथम काय करतो? वेग मोजण्याचे सॉफ्टवेअर उतरवतो आणि पुन्हापुन्हा चालवतो. हे करू नये. मंदपणा हा साधा अडथळा असू शकतो, तसाच तो डिस्कच्या अखेरच्या आजाराचे लक्षणही असू शकतो. विशेषतः जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर मजकूर उतरवताना गती मध्येच शून्यावर येत असेल, जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मंद आहे ती जुनी डिस्क. एखादा भाग वाचता येत नाही म्हणून ती त्याच जागी पुन्हापुन्हा प्रयत्न करीत असते, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक तिचे आयुष्य कमी होत असते. अशा वेळी आधी अतिमहत्त्वाचे तेवढे उतरवून घ्यावे. सिनेमे, गाणी, जे पुन्हा मिळू शकते, ते शेवटी. चाचण्या त्यानंतर.

डिस्कची प्रकृती पाहण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे फुकट मिळणारे जपानी सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कवर काही लिहीत नाही, केवळ तिने स्वतः ठेवलेली नोंदवही वाचून दाखवते, म्हणून ते निर्धास्त चालवावे. जुन्या हार्ड डिस्कच्या बाबतीत ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ ही ओळ पाहावी. तेथे शून्याखेरीज काही दिसले तर त्या डिस्कवर आता विसंबू नये. त्याच्याच भावंडाचे, क्रिस्टलडिस्कमार्कचे, काम मात्र वेग मोजण्याचे. ते डिस्कवर लिहिते आणि पुसते. जिच्यावर आपल्या मजकुराची एकुलती एक प्रत आहे, अशा डिस्कवर ते चालवू नये.

वेग म्हणजे नेमके काय

येथे थोडे गणित आवश्यक आहे. बिट आणि बाइट यांतील गल्लत सार्वत्रिक आहे. आठ बिटांचा एक बाइट. यूएसबीच्या जोडणीवर ‘सेकंदाला ४८० मेगाबिट’ असे लिहिले असेल तर तिला आठाने भागावे, म्हणजे ६० मेगाबाइट येतात, आणि येण्याजाण्याचा खर्च वजा जाता हाती ३५ ते ४० पडतात. डब्यावर छापलेला आकडा मेगाबाइटचा, जोडणीवरचा मेगाबिटचा, आणि ग्राहक दोन्ही एकाच तागडीत घालतो.

दुसरे असे की, डब्यावरचा आकडा एकच मोठी फाइल सलग वाचताना मिळणारा असतो. चाळीस हजार चिमुकल्या फाइली म्हणजे वेगळे काम. शंभर किलो तांदळाचे एक पोते उचलणे निराळे आणि तेच तांदूळ चिमटीचिमटीने उचलणे निराळे. उत्तमातली उत्तम एसएसडीसुद्धा चार-चार किलोबाइटचे तुकडे एकामागून एक, यादृच्छिक जागांवरून वाचू लागली की सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास किंवा त्याखालीच राहते. हा दोष नव्हे, स्वभाव आहे. म्हणून चाचणीसाठी चार-पाच गिगाबाइटची एकच मोठी फाइल घ्यावी. ती वेगाने जाते आणि फोटोंचे फोल्डर रेंगाळते, असे असेल तर डिस्कला बोल लावू नये.

एक उदाहरण सोडवून ठेवू, पुढे उपयोगी पडेल. ३०० गिगाबाइट मजकूर सेकंदाला ३८ मेगाबाइट या गतीने न्यायला २ तास १२ मिनिटे लागतात. ११० च्या गतीने पाऊण तास. ५०० च्या गतीने १० मिनिटे. ३५०० ची गती शेवटपर्यंत टिकली, तर दीड मिनिटसुद्धा पुरे. (शुक्रवारी दुपारी हे काम काढणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. जूनमध्ये ऑकलंडला सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो आणि दिवे त्याही आधी लागतात.)

नरसाळ्याचे तोंड

आपल्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, तेव्हा तेलाचाच दाखला घेऊ. घाण्यातून तेल कितीही पडो, डबा कितीही मोठा असो, मध्ये ठेवलेल्या नरसाळ्याच्या तोंडातून जेवढे उतरेल तेवढेच उतरणार. संगणकात मजकूर उगमापासून मुक्कामापर्यंत चार-पाच नरसाळ्यांतून जातो आणि त्यांतले सर्वांत अरुंद तोंड आपला वेग ठरवते. मंद डिस्कच्या दहा तक्रारींपैकी निम्म्याहून अधिकांचे उत्तर आम्हांला याच एका वाक्यात सापडले आहे.

ऑकलंडमधील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. घरच्या जावयाने संगणक जोडलेला, आत एक टेराबाइटची नवी एसएसडी. सासूबाईंच्या जुन्या, खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर ३०० गिगाबाइटचा कौटुंबिक ठेवा. उतरवायला घेतला तर गती ३८. जावयाने नव्या डिस्कलाच दोष दिला, ती परत करण्याची तयारी केली. वास्तविक ३८ हा आकडाच उत्तर सांगत होता. वर यूएसबीचे गणित केले ते आठवावे. जुनी डिस्क संगणकाच्या पुढच्या बाजूच्या भोकात लावलेली होती, आणि त्या भोकाची आतली तार मदरबोर्डवर यूएसबीच्या दुसऱ्या पिढीच्या जागी जोडलेली होती. मागच्या बाजूच्या, निळ्या जिभेच्या भोकात लावताच गती ११० झाली. त्यापुढे ती जाईना, आणि जाणारही नव्हती, कारण खिशातल्या फिरत्या डिस्कची स्वतःचीच मजल तेवढी. नवी एसएसडी या सर्व वेळात जवळजवळ रिकामी बसून होती.

हे झाल्यावर मध्येच गती दोन-तीन मेगाबाइटवर आली आणि थांबली. येथे मात्र जावयाने शहाणपणा केला. पुन्हापुन्हा बटणे न दाबता ते फोल्डर सोडून दिले, बाकीचे सर्व आधी उतरवले, आणि सोडलेल्या फोल्डरकडे शेवटी आला. त्यातील बहुतेक फाइली निघाल्या. एका कीर्तनाच्या ध्वनिफितीची दुसरी बाजू मात्र निघाली नाही. मूळ कॅसेट १९९० च्या सुमारास कोणी तरी त्यावर सिनेमाची गाणी भरून वापरून टाकली होती. उरलेले सर्व आज त्या एसएसडीवर सुखरूप आहे.

आता संगणकाच्या आतली नरसाळी. साटा या जातीच्या जोडणीच्या तीन पिढ्या आहेत. प्रत्यक्ष हाती पडणारा वेग पहिलीत सुमारे १४०, दुसरीत २७०-२८०, तिसरीत ५५० मेगाबाइट. जुन्या मदरबोर्डवर काही भोके दुसऱ्या पिढीची आणि एक-दोनच तिसऱ्या पिढीची असत, रंग वेगळा असे. तेव्हा मोजमापात २७० च्या आसपासचा आकडा दिसला की डिस्क नव्हे, भोक बदलावे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘ट्रान्सफर मोड’ या ओळीत दोन आकडे शेजारीशेजारी असतात. पहिला सध्या मिळणारा, दुसरा डिस्कला शक्य असणारा. ‘साटा ३०० | साटा ६००’ असे दिसले म्हणजे निदान झालेच. कधी कधी तारेतच दोष असतो. तेव्हा त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘सीआरसी एरर काउंट’ हा आकडा दिवसागणिक वाढताना दिसतो. मजकूर वाटेत बिघडतो, पुन्हा पाठवावा लागतो, आणि वेळ जातो. चार-पाच डॉलरची तार बदलावी.

एमडॉटटू नावाची, च्युइंगगमच्या पट्टीएवढी जी डिस्क सरळ मदरबोर्डवर बसते, तिच्यात एक मोठा चकवा आहे. एमडॉटटू हे केवळ अंगरख्याचे माप आहे. त्या अंगरख्याच्या आत साटा असू शकते किंवा एनव्हीएमई असू शकते. पहिलीची मर्यादा ५५०, दुसरीची काही हजार. दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी. खाचा पाहून अंदाज येतो, दोन खाचांची ती बहुधा साटा, पण डब्यावरील अक्षरे वाचणे हाच खरा उपाय. जाहिरातीत ‘एमडॉटटू एसएसडी’ एवढेच लिहिलेले वाचून साडेतीन हजारांची अपेक्षा करणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

एनव्हीएमई डिस्क ज्या रस्त्याने धावते त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. त्या रस्त्याला लेन असतात आणि पिढ्या असतात. डिस्कला चार लेन लागतात. तिसऱ्या पिढीच्या चार लेन असल्या की सुमारे ३५०० मेगाबाइट, चौथ्या पिढीच्या असल्या की ७०००, पाचव्या पिढीच्या डिस्का १४००० पर्यंत जातात. पण मदरबोर्डवरच्या सगळ्याच खाचांना चार लेन नसतात. वरची, प्रोसेसरजवळची खाच बहुधा पूर्ण असते, खालच्या खाचेला काही वेळा दोनच लेन. म्हणजे अर्धा वेग. २०१४ च्या सुमाराच्या कित्येक बोर्डांवर तर एमडॉटटूची खाच दुसऱ्या पिढीच्या दोन लेनांची, जेमतेम ८०० मेगाबाइटची होती. तीत आजची डिस्क लावली तर ती चालते, पण धावत नाही. शिवाय एका खाचेत डिस्क बसवली की साटाची एक-दोन भोके आपोआप बंद पडतात, किंवा दुसऱ्याच एखाद्या खाचेच्या लेन कमी होतात, अशीही व्यवस्था असते. हे सर्व मदरबोर्डच्या पुस्तिकेत तक्त्याच्या स्वरूपात दिलेले असते, आणि ती पुस्तिका न वाचता डब्यासकट माळ्यावर टाकण्याची आपल्या मुलांची रीत आहे. वरील जावयाच्या एसएसडीचेही तेच झाले होते. ट्रान्सफर मोडमध्ये ‘दोन लेन | चार लेन’ दिसत होते. खालच्या खाचेतून वरच्या खाचेत नेली आणि मोजलेला वेग १७०० वरून ३४०० वर गेला. खर्च शून्य.

हे करताना संगणकाची तार भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण चार-पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, लोकरीचे मोजे घालून गालिच्यावर उभे राहू नये, आणि हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. एमडॉटटूचा स्क्रू मोहरीएवढा असतो, खाली पांढरे फडके अंथरावे.

ओसरी आणि कोठार

समजा सर्व नरसाळी ठीक आहेत. तरीही पुष्कळ जणांचा अनुभव असा की, पहिली दोन-चार मिनिटे फाइली भराभर जातात, मग एकाएकी वेग कोसळतो. याचे कारण डिस्कच्या पोटात आहे.

फ्लॅश स्मृतीचा नँड हा प्रकार तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडला. त्यात विजेचा भार लहानलहान कप्प्यांत कोंडून ठेवतात. आरंभी एका कप्प्यात एकच बिट ठेवीत, म्हणजे भार आहे किंवा नाही एवढेच पाहायचे. पुढे स्वस्ताईसाठी एका कप्प्यात तीन बिट ठेवू लागले. त्यासाठी भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. आता चार बिटही ठेवतात, म्हणजे सोळा पातळ्या. तीन बिटांच्या जातीला टीएलसी आणि चारांच्या जातीला क्यूएलसी म्हणतात. पातळ्या जितक्या जास्त, तितके भरणे नाजूक आणि संथ.

यावर कारखानदारांनी युक्ती काढली. रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता एक-बिटी पद्धतीने वापरायचा. गाडीतून पोती आली की ती प्रथम भराभर ओसरीवर उतरवून घ्यायची, आणि निवांत वेळी आत कोठारात नीट रचायची, तसेच हे. ओसरी भरली आणि गाडीतून पोती येतच राहिली, तर मग एकेक पोते थेट कोठारात नेऊन रचावे लागते, आणि गाडीवानाला ताटकळावे लागते. क्यूएलसी जातीच्या स्वस्त डिस्कचा वेग अशा वेळी सेकंदाला शंभर मेगाबाइटपर्यंतही उतरतो. म्हणजे जुन्या हार्ड डिस्कएवढा!

यातली गोम अशी की, ओसरी रिकाम्या जागेतूनच काढलेली असते. एक टेराबाइटची क्यूएलसी डिस्क पूर्ण रिकामी असेल तर एक-बिटी पद्धतीने तिच्यात फार तर २५० गिगाबाइट मावतील, कारण प्रत्येक कप्पा चाराऐवजी एकच बिट घेणार. अर्धी भरली की १२५. नव्वद टक्के भरली की २५ च्या आत. कारखानदार प्रत्यक्षात याहूनही कमी ठेवतात. म्हणून डिस्क नवी असताना धावते आणि भरत आली की रडते. निदान पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवावी. मोठा ठेवा उतरवायचा असेल तर शंभर-शंभर गिगाबाइटचे हप्ते पाडावेत आणि मध्ये तासभर संगणक नुसता चालू ठेवावा, झोपवू नये. तेवढ्या वेळात ओसरी झाडून निघते.

पाटी पुसण्याची रीत

आमचा जन्म शाळेत गेला, म्हणून हा भाग आम्हांला फार आवडतो. फ्लॅश स्मृतीत लिहिलेल्यावर लिहिता येत नाही. आधी पुसावे लागते. आणि लिहिता येते एकेक पान, पण पुसता येतो तो शेकडो पानांचा अखंड गठ्ठाच. शिवाय आपण संगणकावर फाइल खोडतो तेव्हा विंडोज फक्त आपल्या यादीतून नाव काढते, डिस्कला त्याचा पत्ता नसतो. ती बापडी मेलेली पानेही जिवंत समजून इकडून तिकडे हलवीत बसते. ‘ही पाने आता नकोत’ असा निरोप डिस्कला देण्याची जी सोय आहे तिला ट्रिम म्हणतात. विंडोजमध्ये ती २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ज’ हे पान उघडावे. आपल्या डिस्कपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिलेले असावे आणि शेवटच्या फेरीची तारीख महिनाभरातली असावी. ‘हार्ड डिस्क’ असे चुकीचे दिसत असेल तर ट्रिम पोचत नाही असे समजावे. जुन्या सवयीने तिच्यावर डीफ्रॅग चालवू नये, त्याने लाभ नाही आणि झीज आहे. यूएसबीच्या डबीत घातलेल्या एसएसडीला ट्रिमचा निरोप कित्येकदा पोचतच नाही, हेही लक्षात असावे.

ज्यांनी जुन्या संगणकाची संपूर्ण नक्कल नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली आहे, त्यांच्यासाठी आणखी एक. विंडोज एक्सपीच्या काळात डिस्कवरचा पहिला भाग त्रेसष्टाव्या सेक्टरपासून सुरू करीत. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. आता याला ४०९६ ने भागा. उत्तर पूर्णांकात येत नाही, ७.८७५ येते. परिणामी चार किलोबाइटचा प्रत्येक तुकडा डिस्कच्या दोन पानांच्या सांध्यावर बसतो आणि एका कामाची दोन कामे होतात. नंतरच्या विंडोजने आरंभ १०,४८,५७६ बाइटांवर नेला, त्याला भाग निःशेष जातो. अशा जुन्या नकलेवर खात्रीचा उपाय म्हणजे मजकूर बाजूला काढून डिस्क कोरी करून विंडोज नव्याने बसवणे. त्याच वेळी बायॉसमध्ये साटाची पद्धत ‘आयडीई’ न ठेवता ‘एएचसीआय’ ठेवावी. आधीच बसवलेल्या विंडोजमध्ये ही पद्धत परस्पर बदलू नये, संगणक सुरूच होणार नाही.

उष्णतेविषयी थोडक्यात. एनव्हीएमई डिस्क सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे गेली की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून मंदावते. लक्षण असे की, थंड संगणकावर चाचणी उत्तम आणि अर्ध्या तासाने वाईट. बोर्डाबरोबर आलेला धातूचा उष्णताशोषक लावावा, पण त्याच्या गादीवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा सोलून मग लावावा. तो तसाच राहिलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. या देशात ऊन उत्तरेकडून येते, भारतातल्या सवयीने उत्तरेची खिडकी थंड समजून संगणक तिच्याखाली ठेवू नये.

जेव्हा दोष खरोखर डिस्कचा असतो

अशीही उदाहरणे आहेत. सॅमसंगची ८४० इव्हो ही २०१३ मध्ये बाजारात आलेली डिस्क फार खपली. २०१४ मध्ये असे आढळले की, तिच्यावर नव्याने लिहिलेला मजकूर झपाट्याने वाचला जातो, पण काही आठवडे-महिने पडून राहिलेला जुना मजकूर अत्यंत मंद. तीन-बिटी कप्प्यांतला भार हळूहळू सरकत होता आणि डिस्कला पातळी ओळखायला पुन्हापुन्हा वाचावे लागत होते. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये दुरुस्ती दिली, ती पुरली नाही, म्हणून एप्रिल २०१५ मध्ये दुसरी दिली. दुसऱ्या दुरुस्तीने डिस्क आपला जुना मजकूर अधूनमधून आपणच नव्याने लिहू लागली. या दुरुस्त्या फर्मवेअरच्या, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या अंतर्गत सूचनांच्या होत्या. तेव्हा कोणत्याही डिस्कचे फर्मवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून एकदा तपासावे, आणि अर्थातच नक्कल घेतल्यावर बदलावे. विंडोजचाही दोष असू शकतो. २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा एनव्हीएमई डिस्कांवर लिहिण्याचा वेग निष्कारण घटत होता. त्याच वर्षअखेरीच्या सुधारणेत ते दुरुस्त झाले.

याहून वाईट प्रकार म्हणजे नाव तेच ठेवून आतला माल बदलणे. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी-टू या डिस्कमध्ये तीन-बिटी ऐवजी चार-बिटी स्मृती निघाली. वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन-५५० मध्ये त्याच वर्षी स्मृती बदलली गेली आणि ओसरी भरल्यानंतरचा वेग सुमारे ६०० वरून ४०० च्या आत आला. दोन्हींत डब्यावरचा जास्तीत जास्त वेग तसाच राहिला होता, म्हणून जाहिरात अक्षरशः खोटी ठरत नव्हती. आमच्या मते याला व्यापार म्हणता येईल, सचोटी नव्हे. तराजू आणि वजने खरी असावीत ही तोराची आज्ञा आहे, आणि तिच्यात डबा तोच ठेवण्याची पळवाट नाही.

न्यूझीलंडमध्ये ग्राहकाच्या हाती चांगला कायदा आहे, आणि आपले लोक त्याचा उपयोग करायला संकोचतात. १९९३ च्या कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्टप्रमाणे व्यापाऱ्याने घरगुती वापरासाठी विकलेला माल स्वीकारार्ह दर्जाचा आणि वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची होती, ती संपली, एवढ्याने हा हक्क संपत नाही. अशा वस्तूने वाजवीपणे किती टिकावे हे पाहिले जाते. जबाबदारी प्रथम दुकानदाराची. ‘कंपनीला लिहा’ हे उत्तर पुरेसे नाही. खाजगी माणसाकडून जुनी डिस्क घेतली तर मात्र हा कायदा लागू होत नाही. दुकानात जाताना पावती, मोजमापाच्या पडद्याचे छायाचित्र आणि ट्रान्सफर मोडची ओळ बरोबर न्यावी. आपल्या बाजूची सर्व नरसाळी तपासली आहेत हे दिसले की बोलणे लवकर संपते. परत करण्यापूर्वी डिस्कवरील मजकूर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील ‘सिक्युअर इरेज’ने पुसावा.

ठेव्याची जागा

शेवटी, वेगापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधील गेनिझात टाकलेले कागद हजार वर्षांनीही वाचता आले. भारताशी व्यापार करणाऱ्या यहुदी सौद्यांची पत्रे त्यांत निघाली. एसएसडीचे तसे नाही. ती विजेविना पडून राहिली की कप्प्यांतला भार हळूहळू गळतो. उद्योगाच्या मानकाप्रमाणे घरगुती वापराच्या एसएसडीने, तिचे ठरलेले लिहिण्याचे आयुष्य पुरे झाल्यावर, ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष मजकूर धरून ठेवला पाहिजे. नवी डिस्क याहून पुष्कळ अधिक टिकते, पण कपाटात दहा वर्षे ठेवून देण्याची ती वस्तू नव्हे. कपाटासाठी फिरती हार्ड डिस्क अधिक बरी, रोजच्या वापरासाठी एसएसडी.

दोन प्रती एकाच घरात असल्या तर त्या एकच समजाव्यात. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चमधील कित्येकांना आपल्याच घरात पाऊल टाकण्याची मनाई झाली होती. तिसरी प्रत दुसऱ्या गावी, शक्य तर दुसऱ्या देशी ठेवावी. ठाण्याला, अश्दोदला, बेरशेबाला नातलग कोणाचे नाहीत?

प्रत्येक डिस्कवर मराठीत चिठ्ठी चिकटवावी. काय आहे, केव्हा उतरवले, कोणी उतरवले. वर्षातून दोनदा, पेसाहच्या साफसफाईच्या आठवड्यात आणि रोश हाशानापूर्वी, डिस्क संगणकाला लावून प्रकृती पाहावी, आणि नुसती यादी न पाहता मजकूर खरोखर उघडावा, म्हणजे पाच-सहा फोटो आणि एखादे कीर्तन शेवटपर्यंत. त्या दिवशीचा वाचनाचा वेगही चिठ्ठीवर टिपून ठेवावा. मागच्या खेपेला ११० होता आणि या खेपेला ६० आला, तर दुसरी डिस्क त्याच आठवड्यात विकत आणावी.